फिरस्त्याची चाल

धनराजला चेहरे काढता येत नसत, हे आधीच सांगून टाकते. ब्रह्मपुरीच्या बाजारात त्याने रंगवलेल्या पाट्या होत्या. त्यांवरची लक्ष्मी, दूध डेअरीची गाय आणि सायकलवाला मिस्त्री, तिघांचं तोंड एकच. लोक हसायचे, तोही हसायचा. नाटकांच्या दिवसांत झाडीपट्टीतल्या नाटक कंपन्यांचे पडदे मात्र तो झकास रंगवी. जंगल, महाल, नदी, वाट. पडद्यावर माणसं नसतात ना!

माझ्या घरामागच्या खोलीत तो भाड्याने राहत असे. मी कॉलेजातून निवृत्त झाले होते आणि रिकामपण मला अजिबात मानवत नव्हतं. म्हणून त्याच्या खोलीत काय चाललंय याची चौकशी मी रोज करायची.

एकदा तो नागपूरहून रद्दीतलं एक जाडजूड इंग्रजी कॉमिक घेऊन आला. इंग्रजी त्याचं यथातथाच, पण ते पुस्तक त्याने वाचलंच नाही, नुसतं पाहिलं. पानंच्या पानं काळीकुट्ट. टोपीवाला माणूस, ओला रस्ता, खांबावरचा एकटा दिवा, खिडकीच्या पट्ट्यांतून आलेला उजेड आणि अर्धं तोंड अंधारात.

"बाई, पाहा ना," तो म्हणाला, "तोंडच नाई काढलं. तरी मानूस दिसते."

"आळशी असेल काढणारा."

"नाई जी. बाकीचं पाहनारा मनातून काढून घेते."

तिथून त्याला नाद लागला. पण तसली साहेबी टोपी आपल्याकडे घालतो कोण? खांब आहेत, पण त्यांवर वीज कुठे असते? त्याने हळूहळू सगळं बदलून घेतलं. खिडकीच्या पट्ट्यांऐवजी बांबूच्या ताटीच्या फटी आल्या. ओल्या रस्त्याच्या जागी धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, साचलेलं पाणी. आमच्याकडचं भर दुपारचं ऊनसुद्धा त्याने काळं करून दाखवलं, झाडाखाली सावली इतकी गच्च की आत कुणी उभं असेल तर कळू नये. पद्धतही त्याची स्वतःची. कागद आधी सगळा काळा करायचा आणि मग दाढीच्या पात्याने खरवडून उजेड काढायचा. मी विचारलं, असं उलटं का रे? म्हणाला, "जाळं टाकल्यावानी हाय, बाई. आत काय हाय ते वर आल्याबिगर समजत नाई." मासेमारांच्या घरचा मुलगा तो, त्याला दुसरं काय सुचणार!

त्यातून 'फिरस्ता' निघाला. गावोगाव हिंडणारा एक माणूस, कुठला कोण ते माहीत नाही. सागवान कुणी तोडलं, विहिरीत पोर कशी पडली, हे तो शोधतो. खरं काय ते त्याला कळतं, पण कुणाला न्याय मिळत नाही आणि तो पुढच्या गावाला निघतो. प्रत्येक गोष्टीचा शेवट असाच. मी चिडायची.

"एखादा चोर तरी पकडू दे त्याला!"

"पकडला की खोटा वाटते, बाई."

श्रीहरी नावाच्या गृहस्थांचं गावात एक साप्ताहिक होतं. त्याच्या शेवटच्या पानावर फिरस्ता छापून येऊ लागला. ही सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट. छापण्याआधी पान माझ्याकडे येई, फुग्यांतली भाषा तपासायला. सुरुवातीला त्याचा फिरस्ता नाटकातल्या राजासारखा बोलायचा. 'हे नराधमा, तुझा सर्वनाश अटळ आहे!' मी काट मारायची. "असं बोलतो का रे माणूस? बस स्टँडवर कुणी तुला नराधमा म्हटलंय?" काटता काटता फिरस्ता जवळजवळ मुका झाला, आणि मग लोक त्याच्यासाठी साप्ताहिक घेऊ लागले. न्हाव्याच्या दुकानात वाद झडायचे, फिरस्ता दिसतो कसा? कुणी म्हणे गोरा आहे, कुणी म्हणे देवीचे व्रण आहेत. श्रीहरींनी धनराजला बजावलं होतं, "तोंड दाखवू नको बे कधीच. पेपर त्याच्यावर चालून राह्यला."

तोंड दाखवायचा प्रश्नच नव्हता, येत होतं कुणाला? धनराज फक्त आकृती काढायचा. डावा खांदा उतरलेला, उजवा पाय जरा बाहेर टाकत चालणारा माणूस, आणि मागे सदऱ्याच्या कॉलरला अडकवलेली छत्री, शेपटासारखी लोंबणारी. एवढ्यावर फिरस्ता ओळखू यायचा.

उन्हाळा लागला होता. दुपारी धनराज माझ्या ओसरीवर पान घेऊन बसला होता आणि फाटक ढकलून त्याची धाकटी बहीण गोकुळा आत आली. तिला एटापल्लीकडच्या एका गावात दिलेलं. एकटी, हातात पिशवी नाही, बसच्या धुळीने केस पांढरे झालेले. पाणी दिलं तर तिने ते बाजूला ठेवलं आणि पदराच्या गाठीतून चुरगळलेला कागद काढला. चिवड्याच्या पुड्याचा, तेलकट. मधोमध एक भोक.

"भाऊ, हा कोन होय, सांग मले."

धनराजने पाहिलं. त्याचंच जुनं पान होतं. पोलीस ठाण्याची भिंत, भिंतीवर पडलेली फिरस्त्याची सावली, छत्रीसकट.

"फिरस्ता होय. गोष्टीतला मानूस."

"माया नवरा होय तो."

धनराज हसायला गेला. गोकुळा हसली नाही.

"आमच्या दाराच्या खांबाले काट्यानं टोचून ठेवला होता हा कागद. सकाळी दार उघडलं त हा. तुले समजते का, याच्यात काय लिवलं हाय ते?"

"काई नाई लिवलं. बाईनं सारे शब्द काटले होते."

"तेच सांगून राह्यली! काई न लिवता समदं लिवलं हाय. फिरस्ता गावोगाव जाते, इचारपूस करते, आन मंग ठान्यावर जाते."

आता इसरूबद्दल सांगायला हवं. इसरू म्हणजे गोकुळाचा नवरा. सुक्या मासोळ्या कावडीत घालून तो त्या जंगलातली गावं करायचा. एकटा हिंडायचा, प्रत्येक दारात दोन शब्द बोलायचा, कुणाचं लग्न, कुणाचं दुखणं, सगळं त्याला माहीत. त्या मुलखात त्या वर्षांत एका बाजूला आतली माणसं, म्हणजे नक्षलवादी होते, दुसऱ्या बाजूला पोलीस, आणि दोघांच्याही हातात बंदुका. मधल्या माणसाला कुणी एकदा खबऱ्या ठरवलं की त्याची बाजू ऐकायला कुणी थांबत नसे. आणि वर्षानुवर्षं डाव्या खांद्यावर कावड वाहून इसरूचा डावा खांदा उतरला होता, तो उजवा पाय बाहेर टाकत चालायचा, छत्री कॉलरला मागे अडकवायचा. धनराजने दुसरं काही केलं नव्हतं. मनात जो चालणारा माणूस होता तो कागदावर उतरवला होता. चेहरा काळा ठेवला म्हणजे तिथे कुणीच नाही, असं त्याला वाटलं.

"तोंडच नाई त त्याले वळखतीन कसे?" तो म्हणाला.

"बाबा पाळीवर बसून कोन येते ते कसा सांगते? तोंड पाहून?"

त्यांचा बाप, वारलू, आपल्या गावातल्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जाळं विणत बसायचा आणि पलीकडच्या टोकाला ठिपका दिसला की नाव सांगायचा. त्या बाजूला सगळेच असे. झाडांतून, धुक्यातून, तलावापलीकडून माणूस येतो तो आधी चालीने येतो, तोंड नंतर. शहरातल्या कॉमिकवाल्याने तोंड लपवलं ते शहरातल्या लोकांपासून. धनराजने ते उचललं आणि आपल्या लोकांना ओळखायला जे लागतं नेमकं तेच तेवढं पानावर ठेवलं.

"कोनी काई मनलं का त्याले?" मी विचारलं.

"तेच त नाई ना, बाई! मनलं असतं त भांडली असती मी. मासोळ्या कोनी घेत नाई. बसा मनत नाई. तो आला का बोलनं बंद. काल त हातपंपावरच्या बाया घागरी अर्ध्या ठेवून निंगून गेल्या."

"मग आजच्या आज त्याला घेऊन इकडे ये."

"पळाला का मंग खराच होता मनतीन. आन मागं त्याचा भाऊ हाय, झिंगू. त्याचे लेकरं हायेत. ते कुठी पळतीन?"

मला राग आला. कुणावर, ते धड सांगता येणार नाही. धनराज तेवढ्यात उठून खोलीत गेला आणि आरसा घेऊन आला.

"तोंड काढतो," तो म्हणाला. "दुसरं कोनाचं तोंड दिसलं का इसरू सुटला."

"कुणाचं काढणार?"

"मायाच. दुसरं कोनाचं काढलं त त्याच्या दारात काटा लागंल."

त्याने आरसा ओसरीच्या खांबाला टेकवला आणि आयुष्यात पहिल्यांदा चेहरा काढायला बसला. कागद काळा केला नाही. पांढऱ्यावर काढत होता, पुसत होता, पुन्हा काढत होता. नाक जमलं तर डोळे गेले. कपाळाचा घाम कागदावर पडला, तो कागद फेकला, दुसरा घेतला. गोकुळा भिंतीला टेकून बघत होती. एकदा म्हणाली, "कान लहान काढून राह्यला. तुये कान सुपाएवढे हायेत." तेवढंच काय ते हसू. ऊन उतरेस्तोवर एक चेहरा निघाला आणि तो खरोखर धनराजचा होता. भर उन्हात उभा असलेला फिरस्ता, छत्री कॉलरला, तोंड सरळ वाचणाऱ्याकडे. फुग्यात त्याने लिहिलं, 'हा मी धनराज. दुसरा कोणी नाही.' मी काट मारायचा पेन उचललासुद्धा नाही.

श्रीहरी कुरकुरले. "संपला की मंग फिरस्ता!" "संपू द्या," मी म्हटलं, "नाहीतर माणूस संपेल." त्यांनी छापलं. वर एक गठ्ठा जास्तीचा दिला, हेही सांगायला हवं.

तो गठ्ठा घेऊन धनराज एटापल्लीच्या आठवडी बाजाराला निघाला. त्याला एकट्याला पाठवणं मला पटेना, म्हणून मीही निघाले. घरच्यांनी वयाची आठवण करून दिली, ती मी ऐकली नाही. गोकुळा आदल्या दिवशीच परतली होती. गडचिरोली, मग चामोर्शीला बस बदलली, मग पुढे जीप. चामोर्शीला मी चहा सांगितला, त्याने घेतला नाही. सगळी वाट गठ्ठा मांडीवर, जणू कुणी हिसकावून नेईल.

बाजारात त्याने पानं फुकट वाटली. लोकांनी घेतली, कागद कुणाला नको असतो? कुणी पाहिलं, कुणी न पाहता घडी करून खोचलं. टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, विकायला बसलेली एक म्हातारी होती, सोमारी तिचं नाव. इसरूच्या गावची, बाजारापुरती मराठी बोलणारी. धनराज तिच्यासमोर उकिडवा बसला आणि पानावर बोट ठेवून म्हणाला, "माय, पाह्य. हा मी होय. इसरू नाई."

सोमारीने पान दूर धरून पाहिलं, मग धनराजकडे पाहिलं.

"तोंड तुवा हाय," ती म्हणाली. "चाल त्याची हाय."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, भाव सांगावा तसं तिने सांगितलं. मग गिऱ्हाईक आलं तशी तिने त्याच पानात टेंभरं बांधून दिली.

धनराजने आजूबाजूला पाहिलं तर सगळीकडे पुडेच पुडे. मिठाचे, मिरचीचे, शेवेचे. एका पुड्यावर आत्ताचं तोंड, दुसऱ्यावर जुनी सावली. जुनी पानं रद्दीत गेली होती आणि रद्दी वर्षभर पुरते. किती परत घेणार?

तेवढ्यात बाजाराच्या पलीकडच्या टोकाला, जिथे जंगलातून वाट येते, एक माणूस दिसला. मी इसरूला कधी पाहिलं नव्हतं. तरी ओळखलं. उतरलेला खांदा, बाहेर पडणारा पाय, मागे लोंबणारी छत्री. तोंड अजून दिसतही नव्हतं. धनराजने काळ्यातून खरवडून काढलेला माणूस उन्हातून चालत येत होता, मागून गोकुळा. आणि तो जसजसा जवळ येई तसतसा बाजार गप्प होत गेला. भाव करणाऱ्या बाया थांबल्या. चहाच्या टपरीवर दोघे जण बसले होते, स्वच्छ सदरे घातलेले, त्यांनी माना वळवल्या. ते कुणाचे होते, मला माहीत नाही. पोलिसांचे असतील, आतले असतील, नुसते चहा पिणारे असतील.

धनराज उठला आणि सरळ इसरूपुढे जाऊन उभा राहिला.

"जवाई, कावड द्या."

"कायले?"

"द्या मनतो ना!"

इसरूने कावड उतरवली. धनराजने ती खांद्यावर घेतली, छत्री त्याच्या कॉलरमधून काढून आपल्या कॉलरला अडकवली.

"मूर्खपणा करू नकोस," मी म्हटलं. तेव्हा म्हटलं, आजही म्हणते.

"तोंड काढून काई झालं नाई, बाई," तो म्हणाला. "आता मानूसच बदलावा लागंल."

त्याने दोन पावलं टाकली आणि इसरू अस्वस्थ होऊन पुढे आला. "उजव्या खांद्यावर नाई, धनराज. डाव्या." धनराजने कावड बदलली. "आन पाय असा, बाहेर." स्वतःची चाल दुसऱ्याला शिकवायला तो माणूस वाकला आणि त्याने धनराजचं पाऊल हाताने वळवून दिलं.

मग धनराज चालला. इतके महिने ती चाल कागदावर उतरवली होती, आता अंगात घेतली. बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, टपरीसमोरून, सोमारीसमोरून, "मासोळ्याऽऽ, सुक्या मासोळ्या!" असं ओरडत. कुणी हसलं नाही. इसरू कावडीविना माझ्याजवळ उभा होता. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.

परत येऊन धनराजने सगळं ठरवूनच सांगितलं. इसरू आणि गोकुळाने माझ्याबरोबर जायचं, वारलूकडे तलावावर. धनराज स्वतः झिंगूच्या घरी राहणार, कावड घेऊन तीच गावं करणार. फिरस्ता इथेच हिंडतोय म्हटल्यावर गेलेल्या इसरूला कोण फिरस्ता म्हणेल? गोकुळा रडली, भांडली, भावाचा सदरा धरून ओढला. "तुले मारतीन, भाऊ!"

"मी काढला न फिरस्ता? मंग त्याले चालवाचं बी मलेच लागंल. जा. जीप जाईल."

जीपमधून मी मागे पाहिलं. तो पाठमोरा चालला होता आणि मला क्षणभर कळेना की इसरू जीपमध्ये आहे की तिकडे.

पोळ्याला तो एकदा घरी आला. मीही त्या दिवशी त्यांच्या गावी गेले होते. वारलू पाळीवर बसला होता. पलीकडे माणूस दिसला तसा म्हणाला, "इसरू येऊन राह्यला." इसरू तर आमच्याशेजारी बसला होता. धनराज जवळ आला तेव्हा म्हातारा त्याच्यावर खेकसला, "काऊन बे, जवायावानी काऊन चालतं? कावड तरी हाय का खांद्यावर?" कावड नव्हती. धनराजने सरळ चालून दाखवायचा प्रयत्न केला आणि त्याला ते जमेना. सगळे हसले. तो हसता हसता थांबला. पोरगा वाळला होता, हाताला मासळीचा वास. मी काळी शाई आणली होती, ती त्याने घेतली नाही. "आता कायले, बाई?" म्हणाला.

दाराला काटा पुन्हा लागला नव्हता, पण मासोळ्याही कुणी घेत नव्हतं. "मी आलो का बोलनं बंद," तो म्हणाला. गोकुळाने म्हटलं, नको जाऊ परत. झिंगूची लेकरं आहेत, एवढंच बोलून तो गेला.

दिवाळीनंतर रस्त्याच्या एका वळणावर कावड सापडली, मोहाच्या झाडाला नीट टेकवून ठेवलेली. टोपल्यांतली मासळी तशीच होती. छत्री नव्हती, धनराज नव्हता. आजवर नाही. कुणी नेलं, मला माहीत नाही, आणि ज्यांना माहीत आहे ते सांगणार नाहीत. मी चौकशीला गेले तर एक साहेब म्हणाले, कलाकार माणूस आहे, गेला असेल एखाद्या नाटक कंपनीबरोबर. त्यांना मी जे बोलले ते इथे छापता येणार नाही.

इसरू वाचला. तो तलावावर मासेमारी करतो, गोकुळा बाजारात बसते. पण धनराज गेल्यावर असं व्हायचं, की संध्याकाळी इसरू कावड घेऊन पाळीवरून परतायचा आणि त्याची ती चाल पाहून वारलू हातातलं जाळं बाजूला टाकून उभा राहायचा. पोळ्याला पोरगा असाच तर चालत आला होता! काठी चाचपत दहा पावलं पुढे जायचा. मग तोंड दिसायचं आणि म्हातारा होता तिथेच खाली बसायचा.

हे इसरूने किती दिवस पाहावं? त्याने चाल बदलली. आता कावड उजव्या खांद्यावर घेतो, पाय ओढून सरळ टाकतो, छत्री वापरायची सोडली. चाळिशी उलटलेला माणूस, नवं चालायला शिकला. दुखतं म्हणतो. लांबून पाहिलं तर आता तो कुणीही वाटतो.

मागच्या खेपेला मी गेले तेव्हा वारलू पाळीवरच होता. पलीकडून कुणीतरी येत होतं. म्हाताऱ्याने डोळ्यांवर हात धरला, बराच वेळ पाहिलं आणि हात खाली घेतला.

"गोकुळा," त्याने विचारलं, "कोन येऊन राह्यलं व?"

"इसरू होय, बाबा," ती म्हणाली. "बसून राह्य."